बारा धडं आणि एक काठ

माझ्यासारखा चित्रकार सातारा जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला ते सांगायला सवड मिळत नाही. पण यवतमाळच्या ह्या फेरीचं श्रेय माझं नाही. ते एझ्राचं आहे, आणि एझ्रा मला रद्दीत सापडला.

जाडजूड इंग्रजी चरित्र. मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची वीसेक पानं कुणीतरी शेंगदाणे बांधायला वापरलेली. एझ्रा हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला चितारी. शेतकऱ्याचा मुलगा. आधी खटाऱ्यांची चाकं रंगवायचा, मग खानावळींच्या पाट्या. एका पाटीवर त्यानं सिंह काढला. खानावळीची मालकीण म्हणाली, हा तर हुबेहूब माझा नवरा. त्या दिवशी एझ्रानं सिंह सोडले आणि नवरे धरले. पुढे चाळीस वर्षं तो गावोगाव फिरून माणसांची तोंडं काढत राहिला.

त्याची काम करायची तऱ्हा वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. थंडीत बर्फ पडून रस्ते बंद झाले की एझ्रा घरी बसून नुसती धडं रंगवायचा. कोटाची, झग्याची, हातात पुस्तक धरलेली, मांडीवर मांजर घेतलेली, पण मानेवर काही नाही. बर्फ वितळलं की गाडीत धडं भरायची आणि निघायचं. गिऱ्हाइकानं धड पसंत करायचं, एझ्रानं त्यावर तोंड बसवायचं. जेवणाची वेळ होईपर्यंत माणूस तयार.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, लाखभर पोरांचे माठ आणि आंबे तपासले, आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. चार महिन्यांत मी बारा धडं उभी केली. सहा पुरुष, सहा बायका. सोप्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा दूधवाल्यानं आत यायचं सोडलं, पातेलं बाहेरच ठेवायला सांगू लागला. आमची ही म्हणाली, "तोंड असलेला एक माणूस सांभाळताना माझी अर्धी जिंदगी गेली. आता हे बारा."

तोंडं कुठून आणायची, तर त्याला उत्तम राठोड होता. पुण्यात शिकताना आम्ही दोघांनी एक खोली, एक स्टोव्ह आणि एक बरा शर्ट वाटून घेतला होता. पुढे तो हेडमास्तर झाला आणि निवृत्त होऊन आपल्या तांड्यावर, यवतमाळच्या महागाव तालुक्यात, जाऊन राहिला. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. ह्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता हिंडणं थांबलं, कापूस, सोयाबीन आणि तूर आली, वस्तीचं नाव तेवढं तांडाच राहिलं.

"ये की," उत्तम फोनवर म्हणाला. "इथं तोंडांना तोटा नाही. पण पहिलं तोंड माझ्या आईचं."

त्याची आई सक्रीबाई. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. वय चौऱ्यांशी. जन्मात तिचा एकच फोटो निघालेला, रेशनच्या कामाला लागतं त्या सरकारी कार्डावरचा. गेल्या साली तिची बहीण वारली तेव्हा घरच्यांनी तिचाही कार्डावरचाच फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लावला. याडी दिवसाला गेली, तो फोटो पाहिला, घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले असं टांगू नका."

"तेवढं कर," उत्तम म्हणाला. "बाकी मग सगळा जिल्हा रंगव."

मी म्हटलं, बारावं धड अजून व्हायचंय, ते याडीसाठी खास तुमच्या पोशाखातलं करून आणतो, आरशांचं आणि कवड्यांचं. एक फोटो पाठव. त्यानं पुतणीच्या लग्नातला पाठवला. त्यात बायकांची रांग होती. जिचा पोशाख सगळ्यांत झळाळत होता तिच्या तोंडावर मी अंगठा ठेवला आणि खाली दिसेल ते टाक्याटाक्यानं उतरवलं. तीन आठवडे लागले. अंगठ्याखाली कोण आहे ते मी एकदाही पाहिलं नाही.

कळंब

यवतमाळला उतरलो आणि आधी उलट दिशेला कळंबला गेलो, चिंतामणी गणपतीच्या पायाशी. देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडे देवाला भेटायला डोंगर चढतात, इथं देव वाकून भेटायला लावतो. माझ्या गुडघ्यांचं मत विचाराल तर हीच पद्धत बरी. वर येतानाचं मत वेगळं.

बारा जणांतर्फे एक धड मी काखेत घेऊन उतरलो होतो. गाभाऱ्यातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं ते पाहिलं.

"हे काय आणलं, बाप्पा? डोकं कुठी हाय याचं?"

"दारव्ह्याच्या बाजारात मिळेल."

"अन् नाई मिळालं त?"

"म्हणून तर इथं आलोय."

मग मी त्याला एझ्राची सगळी विद्या सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि देवाकडं बोट केलं.

"याचं बी डोकं मागूनच बसवलं. त्यात नवं काय सांगून राह्यले तुमी?"

माझी अमेरिका तिथंच बुडाली. नारळाचा तुकडा हातावर ठेवत तो पुढं म्हणाला, "पण पाहून बसवजा, मास्तर. आंग कोणाचं, तोंड कोणाचं, थे इचारून बसवजा."

मी हो म्हटलं आणि पायऱ्या चढेपर्यंत विसरलो.

दारव्हा

दारव्ह्याच्या जीपमध्ये आम्ही बावीस जण होतो. उत्तम म्हणतो त्या जीपमध्ये बावीस मावत नाहीत. बरोबर आहे, मावत नव्हतेच. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर होता आणि माझ्या मांडीवर बसलेल्या गृहस्थांनी वाटेत माझ्याकडून दोनदा तंबाखू मागितला. धडं टपावर, ताडपत्रीखाली. अर्ध्या वाटेत ताडपत्री उडाली, हे मला पुढच्या गावात कळलं. दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी शेतं, मधे कापूस वेचणाऱ्या बाया, आणि त्यांच्यामधून कोट-धोतरातली, नऊवारीतली बारा माणसं बिनमुंडक्याची टपावर बसून चालली आहेत. बाया कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. एकीनं नमस्कार केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं; मला वाटलं, मलाच.

बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगाशेजारी जागा मिळाली. धडं ओळीनं लावली आणि ओरडलो, "आंग तयार आहे, फक्त तोंड घेऊन या." दहा मिनिटांत एवढी गर्दी झाली की कांदेवाल्यानं आपला ढीग माझ्याकडे सरकवला.

पहिलं गिऱ्हाईक गजाननराव, कापसाची गाडी घालून आलेले शेतकरी. त्यांनी कोटवालं धड निवडलं. आता चूक माझी. मी धडं काढली सातारची, तालमीत घुमलेली. खांदे दरवाजात आडवे बसतील असे. गजाननराव उन्हानं वाळलेले, काटक. त्यांचं डोकं बसवलं तेव्हा रांजणावर पळी ठेवल्यासारखं दिसू लागलं.

मी म्हटलं, "खांदे थोडे उतरवतो."

मागून त्यांची मंडळी म्हणाली, "राहू द्या, मास्तर. लग्न झाल्यापासून मी खांदेच मागून राह्यली."

झालं, खांदे राहिले. मग फर्माइशी सुरू. खिशाला पेन पाहिजे. पेनाशेजारी मोबाइल पाहिजे. एकाला हातात घड्याळ हवं आणि त्यात सकाळचे दहा वाजलेले हवेत. एकानं विचारलं, "मांगं बैल येईन का?" एझ्राचंही हेच होतं. ज्यांना अक्षर लागत नव्हतं ती माणसं हातात जाड पुस्तक काढून घ्यायची. माणूस जसा आहे तसा त्याच्या घरच्यांना पाठ असतो. चित्रात थोडं वर जायला काय हरकत आहे?

मधल्या सुट्टीत आलूबोंडा खाल्ला, वर लाल तर्री ओतलेला. सातारच्या तिखटाचा मला गर्व होता. दारव्ह्यानं तो डोळ्यांवाटे काढून घेतला. आंधळा होऊन मी दोन तोंडं रंगवली, आणि ती दोन सगळ्यांत चांगली झाली.

संध्याकाळपर्यंत नऊ तोंडं बसवली. उत्तम म्हणतो एका दिवसात नऊ होत नाहीत. पण बारातून नऊ गेली आणि तीन उरली, एवढं हेडमास्तरलाही मोजता येतं. उरलं एक कोटवालं, एक नऊवारीतलं आणि याडीसाठी राखलेलं ते आरशांचं.

तांडा

सकाळी उत्तमनं मोटरसायकलवरून मला दारव्ह्याहून तांड्यावर आणलं. तीन धडं पाठीशी बांधलेली, म्हणजे गाडीवर आम्ही पाच.

याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साधं गडद पातळ, हात मोकळे, कान मोकळे. नवरा गेल्याला चाळीस वर्षं झाली. पाठ मात्र अशी ताठ की मीच पोक काढून उभा असल्यासारखं वाटलं.

"आवो, बेसो," म्हणाली. मग मला वऱ्हाडी बरी समजेल म्हणून वऱ्हाडीत आली. "लय दुरून आले म्हणते उत्तम. नुसतं माह्या तोंडासाठी?"

"तुमच्याच."

"मंग जेवून घ्या. रिकाम्या पोटी पाहासारखं नाई थे."

जेवायला ताज्या सोल्यांची भाजी, म्हणजे हिरव्या तुरीच्या दाण्यांची, आणि ज्वारीची जाड बाटी. आमच्याकडे भाकरी पापुद्रा सुटला की चांगली. इथं बाटी चिरली की हातात वाफ येते, आणि बायका ती वाफेसकट वाढतात. मी चार खाल्ल्या. पाचवी उत्तमनं ताटातून उचलली.

मग याडीनं पिशवीतून ते कार्ड काढलं. फोटोत हनुवटी वर, डोळे मिटता मिटता राहिलेले, तोंड वाकडं.

"सांगा," म्हणाली. "असं वाटते का नाई, की म्या कोणाचं बकरं चोरलं अन् धरली गेली?"

मी म्हटलं, "दोन बकरी."

ती हसली. तेव्हाच तिचं तोंड मला सापडलं. आता ते धडावर ठेवलं की काम फत्ते. मी विजयी वीरासारखा धडावरचा कपडा ओढला.

अंगणात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. आधी सगळ्या पुढं झुकल्या, मग एकदम मागं झाल्या.

"हे त झमकूचं आंग हाय," एक म्हणाली.

"हाव. काचळीच्या छातीवरचा आरसा पाहा. थो फुटला तवा म्याच बदलून देल्ला होता."

आमच्याकडं दोन बायका एकाच दुकानातलं एकच पातळ नेसून समोरासमोर येतात आणि ओळख देत नाहीत. इथं प्रत्येकीचा पोशाख तिच्या हातचा. टाक्यावरून बाई ओळखतात, तोंड पाहायची गरज पडत नाही. अंगठ्याखाली एक माणूस झाकून मी त्याची सही उतरवून आणली होती.

उत्तमनं कपाळावर हात मारला. झमकूबाई ही त्याची काकी, याडीची धाकटी जाऊ, तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची, बायको. तिचं दार याडीच्या दारासमोर. आणि दोघी अठरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.

भांडण कशाचं, तर काठाचं. लाल-पिवळ्या दोऱ्याची उलटी वळत जाणारी वेल आणि प्रत्येक वळणात एक कवडी. तो काठ याडीनं नवरी असताना स्वतःच्या डोक्यातून काढला होता, दुसऱ्या कुणाला येत नव्हता. अठरा वर्षांपूर्वी एका लग्नात झमकू तोच काठ लावून आली. याडीनं पाहिलं आणि बोलणं बंद केलं. आणि माझ्या धडावर, ओढणीच्या कडेनं, तीन आठवडे खपून मी तो काठ एकेका कवडीनिशी काढला होता.

समोरच्या दारातून झमकूबाई स्वतःच आली. सत्तरीची, गालांशेजारी चांदीच्या घुगऱ्या लोंबणाऱ्या, दंडापर्यंत बलिया बांगड्या भरलेल्या. चालली की वाजत होती. ती धडासमोर उभी राहिली, आपल्या अंगाकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं.

"माह्या आंगावर कोणाचं तोंड बसवून राह्यले, मास्तर?"

माझ्यासारखा बोलणारा माणूस सातारा जिल्ह्यात नाही. मी कपडा उचलून परत धडावर घालू लागलो.

याडी उठली. झमकूकडं न पाहता मला म्हणाली, "आंग तिचं हाय त तिले द्या. पण काठ माहा हाय." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसरा दिवस

झमकूबाई सकाळीच येऊन बसली. आंग तिचंच होतं, कुणी नाही कसं म्हणणार? तीन तास डोळ्याची पापणी हलवली नाही. एझ्रा असल्या माणसासाठी बायबलवर हात ठेवून रडला असता. असं तोंड आयुष्यात एकदा मिळतं. रंगवताना मला कळत होतं की हे चित्र उत्तम होतंय, आणि जितकं उत्तम होतंय तितकं माझं वाईट होतंय. याडीचं दार बोटभर उघडं होतं आणि त्या फटीत अंधार नव्हता, कुणीतरी होतं.

दुपारी झमकूबाई तांड्याच्या भिंतीवर झळकायला तयार झाली. याडीकडं कार्ड राहिलं.

मी नऊवारीतलं धड घेऊन आत गेलो. तिनं गळ्यातल्या साजाकडं बोट केलं.

"ही तुमच्या देशाची बाई हाय. चांगली असंन. मी नोहो."

"मग कोण पाहिजे, याडी?"

मग तिनं उत्तमला बाहेर पाठवलं आणि मला सांगितलं. तिला स्वतःच्या जुन्या पोशाखात, घुगऱ्या आणि चुड्यासकट, नवरा असताना ती जशी होती तशी हवी होती. पोशाखाला कसर लागली, चांदी गेली. "पण मास्तर, आता मी लोकाले तशी दिसू शकत नाई. चित्रात दिसू द्या."

उत्तमला हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड कार्डावरच्या फोटोसारखं झालं. विधवा बाईच्या गालाला घुगरी? तांडा काय म्हणेल? तो नायकाकडं गेला. नायक म्हणजे त्याचा काका, लिंबाखाली बसून सोयाबीनच्या भावावर बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बायांचं हाय, बायाले इचारा. मले कायले मधात घेता?"

मग मी एझ्राला पुढं केलं. एझ्राच्या काळी तिकडं लेकरं फार दगावायची. आईबाप त्याला बोलवायचे तेव्हा लेकरू गेलेलं असायचं. एझ्रानं एकही लेकरू डोळे मिटलेलं काढलं नाही. हातात फळ दिलं, पायाशी कुत्रं बसवलं, गालावर रंग भरला. "कॅमेऱ्याला समोर आहे तेवढंच दिसतं," मी उत्तमला म्हणालो. "आपण मग कशासाठी शिकलो?"

उत्तम थोडा वेळ अंगणात फिरला. मग म्हणाला, "काढ. पण चुकीचं काढू नको. चुकीचं झालं तर ते तिचं नसेल, मग ह्या सगळ्याला अर्थ नाही."

कोरा कॅनव्हास एकही नव्हता. मी कोटवाल्याच्या छातीवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. बिचारा सातारहून एवढ्या लांब येऊन बिनतोंडाचाच गेला.

तिसरा दिवस

कित्येक वर्षांत मी माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर बसवून काढला नव्हता. पहिली रेघ मी तीनदा पुसली. कॅनव्हास ओला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तोंड दुपारपर्यंत झालं. मधे याडीनं विचारलं, "त्या तुमच्या एझ्राचं पुढं काय झालं?"

"कॅमेरा आला. लोक तिकडं गेले. म्हातारपणी तो दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंच्या गालांना गुलाबी रंग लावत बसायचा."

"मंग?"

"शेवटची पानं नाहीत पुस्तकाला."

दारव्ह्याच्या बाजारात गोष्ट सांगताना मी एझ्राला शेवटी हत्तीवर बसवून मोठ्या हवेलीत पाठवला होता. इथं तसं जमेना. याडीनं विचार केला.

"एखादी म्हातारी भेटली असंन त्याले," ती म्हणाली. "म्हणाली असंन, मले दुसरीचं आंग नको, तोंडासंग आंग बी माह्यंच पायजे. मंग त्यानं एक दिवस बसून पुरी बाई काढली असंन. तितंच थांबला असंन."

मी ब्रश धुवायला उठलो. डोळ्यात रंग गेला होता.

आता घुगऱ्या. कशा होत्या, उत्तमला विचारलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, पण त्याला एवढंच आठवत होतं की त्या वाजायच्या. याडीनं गालाशी हात नेला, बोटं हवेत फिरवली, काही सांगितलं नाही. मी अंदाजानं दोन-दोन साखळ्या काढल्या.

"मास्तर." दारात झमकूबाई उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडं. "तिच्या घुगरीले तीन साखळ्या होत्या. तुमी दोन काढून राह्यले."

याडी समोर पाहत म्हणाली, "मास्तर, सांगा तिले, माही घुगरी मले माहीत हाय."

"मास्तर, इचारा तिले, मंग सांगितलं काहून नाई तुमाले?"

दोघींमध्ये चार हात अंतर होतं आणि मी टपाल नेत होतो. याडीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सांगा तिले," हळू म्हणाली, "मी इसरली."

झमकूबाईनं उंबरा ओलांडला. अठरा वर्षांत पहिल्यांदा, हे मला नंतर सगळ्या तांड्यानं एकेक करून सांगितलं. ती याडीशेजारी नाही, माझ्याशेजारी येऊन बसली आणि चित्रावर बोट ठेवू लागली.

"तीन साखळ्या. खाली ज्वारीच्या दाण्याएवढे घुंगरू. डाव्या बाजूचा एक तुटला होता, थो तुटकाच काढजा. चुडा कोपरापासून वर. मी नवरी होऊन आली ना, मास्तर, तवा पह्यल्या दिवशी मान खाली होती. मले हिची घुगरी दिसली, काठ दिसला. तोंड दोन दिवसानं पाह्यलं."

मी काढत गेलो. ती सांगत गेली. रंग वाळायला सवड नव्हती इतकं भराभर. शेवटी ओढणीची कड राहिली, आणि मी ब्रश उचलून थांबलो. दारात गर्दी जमली होती.

"काठ काढा ना," झमकूबाई म्हणाली. "माह्या फोटोत काढला थोच. तिचाच हाय थो. वलणीवर वाळत टाकला राहे तवा मी लांबून पाहून पाहून शिकली."

गर्दीत कुणीतरी श्वास ओढला. याडीनं पहिल्यांदा मान वळवली.

"मास्तर, इचारा तिले. काहून शिवला?"

"मास्तर, सांगा तिले. दादा गेल्यावर तिनं घालणं सोडलं. कोणी शिवून नाई राह्यलं होतं. काठ मरून गेला असता."

हे टपाल मी पोचवलं नाही. ते पोचलं होतं.

मी वेल काढली, उलटी वळत जाणारी, आणि प्रत्येक वळणात एक कवडी. एझ्राची शपथ, त्याहून चांगला काठ मी पुन्हा काढू शकणार नाही. ब्रश ठेवला तेव्हा उन्हं कलली होती. उत्तमनं आईला हात देऊन उठवलं. ती चित्रासमोर उभी राहिली. ते तोंड चौऱ्यांशीचं होतं, एकही सुरकुती मी सोडली नव्हती, आणि गालाशी तीन तीन साखळ्या, डावीकडं एक घुंगरू तुटका.

"ई म छू," याडी म्हणाली. ही मी आहे. मला त्यांच्या गोरबोलीत तेवढंच येतं, आणि तेवढं पुरे.

मग कुणीतरी डफडं आणलं. बायकांनी दोन्ही चित्रं डोक्यावर घेतली आणि तांड्याभोवती फिरवली. मला खांद्यावर घेऊन नाचवलं. उत्तम म्हणतो, खांद्यावर नाही, मी पाय घसरून हापशाजवळच्या चिखलात पडलो म्हणून दोघांनी उचललं. ते काही असो, मी जमिनीपासून वर होतो.

परत आल्यावर उत्तम म्हणाला, "चित्र नीट गुंडाळून ठेवतो, याडी. पुढं लावू."

"पुढं म्हणजे मेल्यावर? मंग मी कशी पाहू? आत्ता लाव. भायेरच्या भिंतीवर, तिच्या दारासमोर." कार्ड तिनं पिशवीत टाकलं. "याले रेशनपुरतं राहू दे."

समोरच्या भिंतीवर नायकांनी खिळा ठोकला आणि झमकूबाईही चढली. गल्लीच्या दोन बाजूंना दोघी, एकच काठ अंगावर, एकमेकींकडं टक लावून. खाली दारांत खऱ्या दोघी उभ्या. मी मधे उभा होतो, टपाल न्यायच्या तयारीत. पण ह्यावेळी कुणी मास्तर म्हटलं नाही.

"तुह्यं नाक त्यानं लहान काढलं," याडी झमकूला म्हणाली.

झमकूबाईनं समोरच्या चित्राकडं नीट पाहून घेतलं.

"तुह्यं तोंड बंद काढलं," ती म्हणाली. "थे त लयच खोटं हाय."